साळुंकीबाईंचा पुढच्या वर्गातला उपवास

एका जंगलात, मुलांनो, झाडे पाने गाळत नसत, साल गाळत. ते जंगल समुद्रापलीकडे, पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे होते. आपल्याकडे उन्हाळा असला की तिकडे हिवाळा असे, आणि त्यात कोणालाही काही चूक वाटत नसे. नीट बसा. मागच्यांनी कुजबुज थांबवावी.

त्या जंगलाच्या पूर्व किनाऱ्यावर साळुंकीबाई राहत. त्या मूळच्या आपल्याकडच्या, वडा-पिंपळाच्या देशातल्या. ऐन उमेदीत यजमानांबरोबर तिकडे गेल्या आणि तिथल्या पिल्लांच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या. आता यजमान राहिले नव्हते, शाळाही राहिली नव्हती. शिस्त तेवढी राहिली होती. समोरच्याचे वाक्य अपुरे राहिले तर साळुंकीबाई ते पूर्ण करून देत, आणि पूर्ण असले तर सुधारून देत. मी स्वतः अध्यापनात हयात घालवली असल्यामुळे मला साळुंकीबाईंचे प्रत्येक मत बरोबर वाटते. तुम्हाला तसे वाटत नसल्यास हात वर करू नये.

साळुंकीबाईंची एकुलती एक मुलगी रेवती पश्चिम किनाऱ्यावर राही. मध्ये अख्खे तांबडे वाळवंट. गेल्या वर्षी रेवतीने वाऱ्याबरोबर निरोप धाडला होता, "आई, एकटी कशाला राहतेस तिकडे? इकडेच ये, कायमची."

साळुंकीबाईंनी उलट निरोप दिला, "नको गं. मी आहे ती बरी आहे."

तुम्ही चांगल्या घरातली मुले आहात. पहिले 'नको' म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्याला लाडू विचारला की पाहुणा 'नको' म्हणतो. यजमानीण 'घ्या हो' म्हणते. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो. लाडू बोटांच्या फटीतून ताटात पडतो, आणि 'अहो, हे काय' असे म्हणत पाहुणा तो खातो. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा तो हावरा, आणि पहिल्याच 'नको'वर थांबणारा तो कद्रू. अशी आपली रीत आहे.

तेव्हा साळुंकीबाई दुसऱ्या विचारण्याची वाट पाहू लागल्या. झाडांची साल गाळून झाली. नवी साल आली. दुसरे विचारणे काही आले नाही.

साळुंकीबाईंना जायचे होते. फार जायचे होते. संध्याकाळी ढोलीत त्यांच्या स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी येई, आणि त्याला सुधारावे असे त्यात काहीच नसे.

अशात रेवतीचा दुसरा निरोप आला. "आई, तुझ्या वाढदिवसाला थोडे दिवस ये. पाणकोळ्याच्या पहाटेच्या फेरीचं तिकीट काढलंय. पुढच्या वर्गाचं."

"समोरासमोर विचारणार आहे पोरगी," साळुंकीबाई मनाशी म्हणाल्या. "वळण माझं आहे. असल्या गोष्टी वाऱ्यावर सोडायच्या नसतात, हे तिला उशिरा का होईना, कळलं."

आता तुमच्यापैकी एखादा चौकस मुलगा विचारील, साळुंकीला पंख असताना ती पाणकोळ्याच्या पाठीवर का बसते? शंका रास्त आहे. परंतु त्या जंगलात पंख असूनही न उडणे यालाच प्रतिष्ठा म्हणत. पाणकोळी हा चोचीखाली झोळी असलेला अवाढव्य पक्षी. त्याच्या मानेजवळ मऊ पिसांची काही ऐसपैस घरटी बांधलेली असत. तो पुढचा वर्ग. मागे पाठीवर सगळे एकमेकांच्या शेपट्या सांभाळत दाटीने बसत. तो मागचा वर्ग. मध्ये पानांचा पडदा असे. दोन्ही वर्ग एकाच वेळी निघत आणि एकाच वेळी पोहोचत. म्हणून पडद्याची फार गरज होती.

साळुंकीबाईंनी ही बातमी कोणालाही सांगितली नाही. म्हणजे, "कोणाला सांगू नका" असे बजावून प्रत्येकाला सांगितली. शेजारी एक हसरा खंड्या राही. तो पहाटे उठून विनाकारण खदखदा हसे आणि साऱ्या जंगलाला जागे करी.

"पुढच्या वर्गात म्हणे?" खंड्या म्हणाला. "मग खाऊन जाऊ नका, बाई. नुसतं खायला घालतात तिथं. जाग्या झालात की खा, झोपलात की उठवून खा."

"मी खाण्यासाठी जात नाही," साळुंकीबाई म्हणाल्या.

तरीही त्यांनी रात्रीचे जेवण बेताचेच घेतले.

पहाटे, चांदण्या मावळायच्या आत, त्या न्हाऊन निघाल्या. सवयीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केलेली होती. पाणकोळ्याच्या तळावर पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आले, की पुढच्या वर्गात शिदोरी सोडणे बरे दिसणार नाही. इतक्यात मागच्या वर्गाच्या रांगेतून हाक आली.

"अगंबाई, बाई तुम्ही?"

ती बुलबुलवहिनी होती. तिचाही गोतावळा मूळचा आपल्याकडचाच. साळुंकीबाईंनी तिच्या चारही पिल्लांचे कान उपटलेले होते.

"या ना आमच्यात. ह्यांना जरा सरकवते. बसाल आरामात."

"माझी रांग ती," साळुंकीबाईंनी मान किंचित वळवून दाखवले. त्या रांगेत कोणीही नव्हते. "हे घे. दशम्या आहेत. पिल्लांना होतील."

"अहो नको, बाई. तुम्हाला लागतील वाटेत."

"घे म्हणते ना."

"बरं, तुम्ही म्हणताच आहात तर." बुलबुलवहिनीने शिदोरी पंखाखाली घेतली.

पाहिलेत? एकदा 'नको', एकदा 'घे', आणि काम झाले. संस्कृती म्हणतात ती हीच.

पुढच्या वर्गाच्या मंडळींसाठी एक वेगळा कुंज होता. तिथे फळे रचलेली होती, दाणे मांडलेले होते, मधाचे द्रोण भरलेले होते. एक उंच एमू चोच खाली घालून खात उभा होता. या एमूचे काही नातलग एके काळी आपल्याकडेही आले होते आणि पुष्कळांना श्रीमंत करणार होते. पण तो विषय वेगळा. हा एमू खाणींच्या धंद्यात होता.

साळुंकीबाई एका फांदीवर ताठ बसल्या. कोणीतरी येऊन 'घ्या' म्हणेल म्हणून थांबल्या. परक्याच्या घरी आपल्या हाताने वाढून घेण्याइतके त्यांचे वळण बिघडलेले नव्हते. कोणी आले नाही. खालच्या फांदीवर एक पाटी होती: 'हवे ते घ्या.' साळुंकीबाईंनी ती वाचली. पाटी हा आग्रह नव्हे, असे त्यांचे मत पडले, आणि ते बरोबरच होते.

मग पाणकोळ्याने पंख पसरले आणि फेरी निघाली.

पुढच्या वर्गाची देखरेख एका गुलाबी काकाकुव्याकडे होती. तो नम्र होता, हसतमुख होता, आणि त्याचा तुरा इतका नीटनेटका होता की साळुंकीबाईंना त्यात काही खोट काढता येईना. तो त्यांच्या घरट्याशी वाकला.

"बाई, फुलांचा मध आणू का? ताजा आहे."

भुकेने साळुंकीबाईंच्या पोटाला खड्डा पडला होता. त्या प्रसन्न हसल्या. "नको," असे म्हणून त्यांनी नजर बाजूला वळवली आणि चोचीने डाव्या पंखाचे एक पीस सारखे केले. दुसऱ्या विचारण्याला जेवढा अवकाश द्यायचा असतो, तेवढा दिला.

"हरकत नाही," काकाकुवा म्हणाला आणि पुढे गेला.

साळुंकीबाईंनी वळून पाहिले तेव्हा तो एमूपाशी होता.

"आपल्याला मध?"

"हो," एमू म्हणाला. "दोन आणा."

'काय हा अधाशीपणा,' साळुंकीबाई मनात म्हणाल्या. 'आणि काकाकुवा नवीन दिसतो. शिकेल हळूहळू.'

थोड्या वेळाने काकाकुवा पुन्हा आला. या वेळी नाश्ता होता. भाजलेले दाणे, अळंबीची भाजी, पिकलेली अंजिरे. वास असा, की साळुंकीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

"बाई, नाश्ता वाढू?"

एवढे सगळे समोर आणून विचारतो आहे, म्हणजे आता आग्रह करणार, हे उघड होते. म्हणून साळुंकीबाईंनी 'नको' जरा सैलसर म्हटले. "नको... म्हणजे, तसं काही नको."

नजर बाजूला. डाव्या पंखाचे पीस.

"हरकत नाही, बाई. आपल्याला विश्रांती हवी असेल." काकाकुव्याने अत्यंत आपुलकीने त्यांच्या घरट्याच्या कडेला एक पान खोचले. पानावर लिहिले होते: 'झोप मोडू नये.'

त्यानंतर त्यांच्याकडे कोणी आले नाही. सेवेत कसूर नको, म्हणून काकाकुवा त्यांच्या घरट्यावरून जाताना पाऊलसुद्धा हलके टाकू लागला.

सूर्य उगवला. फेरी पश्चिमेकडे चालली होती, त्यामुळे तो मागच्या बाजूने उगवला आणि प्रथम मागच्या वर्गाला दिसला. ही व्यवस्थेतली ढोबळ चूक साळुंकीबाईंनी तत्काळ हेरली. खाली तांबडी वाळू पेटल्यासारखी दिसू लागली. ते दृश्य फार सुंदर होते, असे म्हणतात. साळुंकीबाईंना ती सारी वाळू भाजलेल्या कणकेसारखी दिसत होती.

आणि मग पडद्यामागून आवाज आले.

"घ्या हो, एक घ्या. आमच्या बाईंच्या हातच्या आहेत."

"नको, नको, वहिनी. पोट भरलंय."

"पोट कसलं भरतंय एवढ्यात. अर्धी तरी घ्या. चटणी लावून देते."

"अहो, पुरे. हे काय, दोन टाकल्यात."

"खा मुकाट्यानं."

मग एक तृप्त शांतता. मग कोणाचा तरी आवाज आला, "दशमी काय मऊ आहे हो. कोण या बाई?"

"पुढं बसल्यात ना, त्या. त्यांचं काय, त्या तिकडं पंचपक्वान्नं खात असतील."

साळुंकीबाईंनी डोळे मिटले. पडदा पानांचाच होता. चोचीने सहज सरकला असता. पलीकडे जाऊन नुसते उभे राहिले असते, तरी बुलबुलवहिनीने चोचीत घास कोंबला असता. परंतु पुढच्या वर्गातून मागच्या वर्गात खाण्यासाठी जाणारी पहिली मुख्याध्यापिका म्हणून आपली नोंद व्हावी, हे त्यांना रुचेना.

शेजारच्या दोन घरट्यांत मिळून बसलेला एमू इतका वेळ अंजिरे संपवत होता. त्याने मान लांब केली.

"तब्येत बरी नाही का, बाई?"

"उत्तम आहे."

"काहीच खाल्लं नाहीत, म्हणून विचारलं."

"त्यानं नीट विचारलंच नाही," साळुंकीबाई म्हणाल्या. भुकेने माणूस खरे बोलतो, साळुंकीही बोलते.

"माझ्यासमोर विचारलं की. तुम्ही नको म्हणालात."

"एकदाच विचारलं."

एमू गोंधळला. "किती वेळा विचारायला हवं होतं?"

"निदान दोनदा. तिसऱ्यांदा न विचारता वाढायचं असतं."

एमूने बराच वेळ विचार केला. त्याचे डोके लहान होते आणि फार उंचावर होते, त्यामुळे विचार पोहोचायला वेळ लागे.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "इथं एकदाच विचारतात. हवं असेल तर हो म्हणायचं. नको म्हटलं की यांना वाटतं, नको. आणि नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नाही, असं होतं. इथं तो अपमान समजतात."

शिक्षक मंडळी शिकत नाहीत, असा एक अपप्रचार आहे. तो निराधार आहे. साळुंकीबाईंनी त्या क्षणी तो धडा पूर्णपणे ग्रहण केला आणि मनात दोनदा घोकून पाठही केला. नको म्हणजे नको. पुन्हा विचारणे हा अपमान.

"यांच्यातही काही रीत आहे म्हणायची," त्या म्हणाल्या.

त्यांनी घरट्याच्या कडेचे पान स्वतः काढले आणि 'हो' तयार ठेवला. पण पाणकोळी आता खाली झुकू लागला होता. सगळे द्रोण उचलले गेले होते. काकाकुवा शेवटची चक्कर मारत आला. त्याच्याजवळ उतरताना कानांत दडे बसू नयेत म्हणून द्यायच्या मधाच्या गोळ्या होत्या.

"बाई, गोळी?"

"हो," साळुंकीबाई म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातला पहिल्याच विचारण्याला दिलेला तो पहिला होकार होता. त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली आणि बराच अभिमान वाटला.

रेवती तळावर उभीच होती. सोबत तिची दोन पिल्ले होती. ती आजीच्या पंखांत शिरली.

"काय आई, मजेत ना प्रवास? पोटभर खाल्लं असशील."

"व्यवस्था चोख होती," साळुंकीबाई म्हणाल्या.

"मग आता लगेच जेवायची नाहीस ना?"

"जेवेन."

रेवतीने आईकडे निरखून पाहिले. "गोडाचं केलंय. वाढू?"

"वाढ."

"आणखी?"

"हो."

रेवती हरखून गेली. आईला जेवायला घालणे हे तिच्या लहानपणापासून एक युद्ध होते. आज शत्रूने पहिल्याच तोफेला शरणागती पत्करली होती.

दिवस चांगले गेले. साळुंकीबाईंनी पिल्लांचे उच्चार सुधारले, पिल्लांनी आजीला घसरगुंडी शिकवली. त्यांना उतरायला जी ढोली दिली होती, ती रेवतीच्या ढोलीला लागूनच होती. आत मऊ सालीचे अस्तर होते. सकाळचे ऊन नेमके चोचीवर येई. कंगवा टांगायला खुंटी होती. आणि खुंटी थेट साळुंकीबाईंच्या उंचीची होती.

"ही कोणासाठी केलीस?" साळुंकीबाईंनी विचारले.

"पाहुण्यांसाठी," रेवती म्हणाली आणि दुसरीकडे पाहू लागली.

साळुंकीबाई रोज वाट पाहत होत्या. आज विचारील, उद्या विचारील. रेवतीने विचारले नाही. गोष्ट अशी होती, मुलांनो, की रेवती त्या जंगलात वाढली होती. विचारायची रीत तिला तिकडची लागली होती. आई एकदा 'नको' म्हणाली. आता पुन्हा विचारून तिच्या शब्दाचा अवमान कसा करायचा?

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघी त्या खुंटीच्या ढोलीत बसल्या होत्या. पिल्ले झोपली होती. साळुंकीबाईंनी प्रवासात पाठ केलेला धडा मनात उजळला. हवे असेल तर स्पष्ट बोलायचे. त्यांनी घसा साफ केला.

"रेवती, मी इथंच येऊ का राहायला? तुमच्यापाशी. कायमची."

रेवतीचे काळीज इतके जोरात उडाले की अस्तरातली साल हलली. याचसाठी तिने ही ढोली कोरली होती. याचसाठी खुंटी ठोकली होती.

परंतु रेवती कोणाची मुलगी होती, हे तुम्ही विसरला नाहीत ना? विचारायची रीत तिला तिकडची लागली होती. नाकारायची मात्र आपलीच होती. आई आपले घर, आपले झाड, सारे मागे सोडून यायचे म्हणते आहे; एवढे मोठे काही कोणी देऊ केले, तर ते पहिल्याच फटक्यात घ्यायचे नसते. असे तिला एका फार कडक शिक्षिकेने शिकवले होते.

"नको गं, आई," रेवती म्हणाली. "उगाच आमच्यासाठी कशाला. तुझं सगळं तिकडे आहे."

असे म्हणून तिने नजर बाजूला वळवली, आणि चोचीने डाव्या पंखाचे एक पीस सारखे केले.

साळुंकीबाईंनी ते पाहिले. पीस नीट बसले होते. 'चांगली सवय लावली आहे मी,' असे त्यांच्या मनात आले. जिभेवर "अगं, नको काय, येतेच मी" हे शब्द आले होते. अगदी टोकावर आले होते. पण नको म्हणजे नको. पुन्हा विचारणे हा अपमान. धडा पाठ होता, आणि पाठ केलेले विसरण्याची त्यांना सवय नव्हती.

"हरकत नाही," साळुंकीबाई म्हणाल्या.

रेवती पीस सारखे करतच राहिली. तिने पुष्कळ अवकाश दिला. चांदण्या निघाल्या तरी ती पीस सारखे करत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणकोळी उडाला. रेवती तळावर उभी होती. पाणकोळी ठिपक्याएवढा झाला, मग ठिपकाही राहिला नाही. ती उभीच होती. आपल्यात निघता निघतासुद्धा, अगदी उंबऱ्यावरून, पुन्हा एकदा विचारायची रीत आहे.

पुढच्या वर्गात तोच गुलाबी काकाकुवा होता.

"बाई, मध?"

"हो."

"नाश्ता?"

"हो."

"आणखी काही?"

"हो," साळुंकीबाई म्हणाल्या. त्यांनी भाजलेले दाणे खाल्ले, अळंबीची भाजी खाल्ली, अंजिरे दोनदा घेतली. पडद्यामागे कोणीतरी कोणालातरी 'घ्या हो, घ्या' म्हणत होते. या वेळी सूर्य समोरून, पुढच्या वर्गाच्या बाजूने उगवला. काकाकुव्याने विचारले, "डोळ्यांवर ऊन येतंय का, बाई? पाणी येतंय डोळ्यांना. पान आडवं लावू?"

"हो," साळुंकीबाई म्हणाल्या.

तात्पर्य: निवृत्त शिक्षकांना उतारवयात नवीन काही शिकवू नये. ते शिकतात.